हिंदुराव आहेत का घरी?

आमच्या घरात माझे सासरे रोज संध्याकाळी साडेसातला वारलेले असायचे. रविवारी तेवढी सुट्टी. त्या वेळी ते स्वतः माझ्यासमोर बसून गवार मोडत असायचे आणि टीव्हीवर त्यांच्या फोटोला हार घातलेला असायचा, पुढे उदबत्ती. सकाळपासून भरजरी साडी नेसूनच वावरणारी एक सून त्या फोटोला हात जोडून म्हणायची की दादासाहेब, तुम्ही असता तर या घरावर ही वेळ आली नसती. मी म्हणायचे, आप्पा, द्या की तिला उत्तर. आप्पा गवारीचं देठ काढत म्हणायचे, मेलेल्या माणसाला संवाद नसतात.

पहिले काही महिने आम्ही हसलो बाई खूप.

मी उत्कर्षा. बिबवेवाडीत राहते, बोलायला फटकळ आहे, आणि ते मला माहीत आहे, कुणी सांगायची गरज नाही. आप्पा म्हणजे माझे सासरे हिंदुराव. नाव सांगितलं तर तुम्ही ओळखणार नाही, चेहरा दाखवला तर लगेच म्हणाल, अरे हो की, हे तर ते! जुना मराठी सिनेमा लावा. सावकाराच्या मागे मान खाली घालून उभा असलेला मुनीम, तो आप्पा. हवालदार, आप्पा. मुलीच्या लग्नात डोक्यावरचं पागोटं काढून व्याह्याच्या पायावर ठेवणारा बाप, आप्पाच. आणि सुरुवातीलाच छातीत कळ येऊन मरणारा सज्जन माणूस असेल तर दुसरं कुणी असूच शकत नाही. दोनशेच्या आसपास सिनेमे झाले म्हणतात. त्यांनी मोजले नाहीत आणि मला तेवढा वेळ नाही.

मूळचे कसबा पेठेतले. वडिलांचं तांब्याच्या बंबांचं दुकान होतं, आप्पाही पोरवयात बंब ठोकायला बसायचे. एकदा गल्लीत शूटिंग आलं. हवालदार होणारा माणूस आलाच नाही आणि त्याचा गणवेश बघ्यांमध्ये कुणाला बसतो ते पाहता पाहता तो आप्पांना बसला. "साहेब, गाडी आलीय," एवढं एक वाक्य. झालं, लागलं वेड. पुढे जन्मभर हाच प्रकार. ज्याचे कपडे बसतील तो माणूस व्हायचं. कोल्हापूरला एकाच स्टुडिओत सकाळी पुजारी आणि दुपारी शेजारच्या सेटवर दरोडेखोर, मधल्या वेळात जेवताना मिशी खिशात. हिरो व्हावंसं नाही वाटलं का, म्हणून मी लग्नानंतर नवीन नवीन विचारलं होतं. म्हणाले, हिरोला एकच माणूस व्हावं लागतं.

अजूनही भाजी घ्यायला गेले की भाजीवाला निरखून बघतो आणि विचारतो, काका, तुम्ही बँकेत होता का हो? आप्पा म्हणतात, होतो ना, रिटायर झालो. कुणी शाळेत होता का विचारलं तर शाळेत होतो म्हणतात. समोरच्याला जी नोकरी सुचेल ती कबूल करून मोकळे होतात.

बाहेरच्यांना ही गंमत वाटते. घरात सासूबाईंनी, म्हणजे सोजरबाईंनी, हे कसं काढलं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. सकाळी नवरा घराबाहेर पडायचा आणि संध्याकाळी कोण परत येईल याचा भरवसा नाही. लंगड्याचं काम असलं की पंधरा-पंधरा दिवस घरातही लंगडायचे. सावकार असले की जेवताना आमटीची वाटी अशी पुढे सरकवायचे की आईंना वाटायचं, आता आपलं घरदार लिहून घेतो हा माणूस. शेवटी त्यांनी एक नियम केला. आप्पांनी दार वाजवलं की त्या आतून विचारायच्या, "कोण आलंय?" आप्पांनी सरळ आपल्या आवाजात "हिंदुराव" म्हणायचं, मगच कडी निघायची. मुनिमाच्या आवाजात म्हणाले तर कडी नाही. विक्रमला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लहानपणी वडील दाराबाहेर तीन-तीनदा आपलं नाव म्हणताना ऐकल्याचं आठवतं.

दुसरा नियम हाराचा. मेलेल्या बापाचं काम आलं की बहुतेकदा आप्पांचा फोटोच लागायचा, भिंतीवर, हार घालून. त्यासाठी आप्पांनी कोट-फेट्यातला एक मोठा फोटो काढून घेतला होता, चांगला शिसवी फ्रेमचा. हा फोटो ते स्वतः घेऊन जायचे आणि स्वतः घेऊन यायचे, कारण आईंनी बजावलं होतं: जिवंत माणसाच्या फोटोला हार घातलात तर तो त्याच माणसाने, आपल्या हाताने, दिवा लागायच्या आत काढायचा. मग फोटो कापडात गुंडाळून घरी. दारात आई मीठ-मोहरी ओवाळून टाकायच्या आणि आप्पांच्या जिभेवर साखर ठेवायच्या. सिनेमातले लोक तर असल्या गोष्टी पाळण्यात आईंच्या वरताण, त्यामुळे कुणी हसायचं नाही. शूटिंग थांबवून आप्पांना स्टुलावर चढवायचे, आप्पा हार काढायचे आणि म्हणायचे, चला, जिवंत झालो.

पुढे कामं कमी झाली, मग बंद झाली. फोटो कपाटावर गेला.

दोन वर्षांपूर्वी एका मालिकेचा आमोद नावाचा माणूस घरी आला. त्यांच्याकडे सगळी व्यवस्था बघतो तो. घराण्याचे कर्ते दादासाहेब वारलेले दाखवायचेत, भारदस्त जुना फोटो हवा म्हणाला. आप्पांचा चेहरा काय फुलला! चौऱ्याऐंशीव्या वर्षी काम आलं होतं माणसाला, मग ते भिंतीवर लटकायचं का असेना. फोटो स्वतः पुसून दिला. संध्याकाळी येतो हार काढायला, म्हणाले. आमोद हसला. काका, मालिकेचा सेट उभाच असतो, हार कसला काढताय, वर्षभर तरी राहील.

तिथे चूक झाली. आप्पांची सगळी हयात सिनेमात गेली. शूटिंग संपलं की भिंत खोटी म्हणून पाडून टाकतात, हेच त्यांना माहीत. वर्षभर उभं राहणारं खोटं घर त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आणि समजलं तेव्हा दिलेला फोटो परत मागायला जीभ रेटेना. आईंना सांगितलं, हार काढून आलो.

आईंचं तेव्हा विसरणं सुरू झालेलं होतं. गॅस, किल्ल्या, मग माणसं. मला कधी नणंद समजायच्या, कधी कामवाली. विक्रमला एकदा विचारलं, तुम्ही वायरमन का? तो बाथरूममध्ये जाऊन रडला. पण आप्पा त्यांना पक्के माहीत होते. डॉक्टर म्हणाले होते, तेवढा धागा शाबूत आहे, जपा. आम्ही जपतच होतो की हो. फक्त साडेसातला टीव्ही लावत होतो.

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. मालिकेत दादासाहेबांचं वर्षश्राद्ध दाखवत होते. फोटोला नवा हार, सगळं खानदान रडतंय. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या, आरशासमोर गेल्या आणि पदराने कपाळावरचं कुंकू पुसलं. मला वाटलं, घाम पुसतायत. मग हातातल्या बांगड्या काढून त्यांनी नीट फडताळात ठेवल्या. आप्पा धडपडत उठले आणि म्हणाले, "अगं सोजर, मी इथं आहे. हा बघ."

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि परक्या पुरुषासमोर घेतात तसा पदर डोक्यावर घेतला. "बसा भाऊ," म्हणाल्या. "फार लांबून आलात का? सगळं अचानकच झालं बघा."

 

त्या दिवसापासून आप्पा आमच्या घरी भेटायला आलेले पाहुणे झाले. आई त्यांना आपल्या खोलीत झोपू देईनात, तेव्हा त्यांचं अंथरूण हॉलमध्ये आलं. सकाळी चहा घेताना आई त्यांना त्यांच्याबद्दलच सांगायच्या. माणूस वाईट नव्हता हो भाऊ, पण घरी कधी आलाच नाही. आला तरी दुसराच कुणीतरी यायचा. मी दारात उभी राहून माझा माणूस कुठला ते शोधायची. जे साठ वर्षांत नवऱ्याला बोलल्या नव्हत्या ते पाहुण्याला सांगत होत्या, आणि पाहुणा मान खाली घालून ऐकत होता. मुनिमासारखी, अगदी तशीच मान. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण आमच्या घरात एक मेलेला माणूस माझ्या हातची भाकरी खात होता आणि मीठ मागत होता, हे मी कुणाला सांगू?

आम्ही टीव्ही बंद केला. आई साडेसातला काळ्या पडद्यासमोर बसून हात जोडायच्या. म्हणून टीव्हीच काढून टाकला. मग भिंतीला हात जोडू लागल्या.

शेवटी आप्पांनी त्यांना येत होतं ते केलं. जुना कोट शोधून काढला, फेटा बांधून घेतला, केसांना कलप लावला, आणि चाळीस वर्षांपूर्वीचे हिंदुराव होऊन खोलीच्या दारात उभे राहिले. पाठ ताठ, हनुवटी थोडी वर, फोटोत आहे तशी. मी आणि मुक्ताई, आईंना सांभाळायला येणारी बाई, बघत होतो. खरं सांगते, मला क्षणभर फोटोच चालत आल्यासारखं वाटलं. आईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, त्यांचे कपडे कशाला घातलेत? काढून ठेवा. बरं दिसत नाही."

आप्पांनी तिथेच फेटा उतरवला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "उत्कर्षा, माझा हार काढायचा राहिलाय. मला तिकडे घेऊन चल."

हाराने काही होत नसतं हे मला कळतं. मेंदूच्या आजाराची सगळी माहिती मी वाचलीये. तरी मी गाडी काढली. घरातल्या शिकलेल्या लोकांनी सुचवलेलं सगळं करून झालं होतं.

वाघोलीच्या पुढे एका बंगल्यात शूटिंग चालतं. आत गेलो तर दिवाणखाना टीव्हीवर दिसतो तसाच, फक्त लहान, आणि सगळीकडे वायरी. समोरच्या भिंतीवर आप्पा. चंदनी हारावर धूळ बसलेली. आमोदने ओळख दाखवली, पण फोटो काढायचं म्हटल्यावर त्याचं सुरू झालं: कंटिन्युइटी, काका, भिंत आधीच्या भागात होती तशीच दिसायला हवी. पुढच्या आठवड्यात दादासाहेबांच्या फोटोसमोर मोठा सीन आहे. मग माझी सटकली. म्हटलं, आमोद, तुमचे दादासाहेब हे इथे उभे आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, खुर्ची द्यायची कुणाला सुचलेली नाही. तुमचा सीन राहू दे, आमच्या घरी एक बाई वर्षभर खरी विधवा होऊन बसलीये.

तेवढ्यात ती भरजरी साडीतली सून आतून आली. आप्पांना बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. रोज त्या चेहऱ्यासमोर हात जोडून रडते ती, आणि तोच चेहरा म्हातारा होऊन, चष्मा लावून तिच्यासमोर उभा. पुढे येऊन वाकली आणि आप्पांच्या पावलांना हात लावून तिथेच थांबली, जणू पाय लागतात की नाही ते चाचपत होती. उठली ती आमोदला म्हणाली, देऊन टाका. आता मला याच्यासमोर काम करवणार नाही.

आमोद हिशेबी माणूस. मोबाईलवर फोटोचा फोटो काढून घेतला, म्हणाला, दुसरी प्रिंट काढू, त्यात काय. म्हणजे टीव्हीवर आप्पा वारलेलेच राहणार होते. पण आप्पांना खऱ्या फोटोशीच मतलब होता. दोघांनी धरून त्यांना स्टुलावर चढवलं. हाराचा दोरा फ्रेमच्या कोपऱ्यात अडकला होता, निघता निघेना. मी खालून म्हटलं, आप्पा, मी काढू का? चिडले. आपल्याच हाताने काढायचा असतो, म्हणाले. निघाला एकदाचा. आप्पा वरूनच म्हणाले, "चला, जिवंत झालो," आणि कुणीच हसलं नाही. हार कंपनीचा होता, तो तिथेच ठेवला. फोटो घेऊन निघालो.

परत येताना आप्पा पोरासारखे बोलत होते. सोजर आता साखर देईल. मुक्ताईला फोन करून मीठ-मोहरी काढून ठेवायला लावली. मीही गाडी चालवता चालवता मनात म्हणत होते, होऊ दे रे देवा, काय जातंय तुझं.

फोटो माझ्या हातात होता. आप्पांनी दार वाजवलं. आतून आईंचा आवाज आला, कितीतरी महिन्यांनी आलेला तो ठसक्याचा आवाज: "कोण आलंय?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मग गळा साफ केला आणि अगदी सरळ, कुणाचंच काम न करता म्हणाले, "हिंदुराव."

कडी निघाली. आईंनी आप्पांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं, माझ्या हातातल्या फोटोकडे. आणि काय सांगू, त्यांचा चेहरा असा उजळला की मीही आनंदाने हसले. हार नाही, हे त्यांना आधी दिसलं. "आलात?" म्हणाल्या. "किती वाट बघायची माणसाने?" मुक्ताईच्या हातातली मीठ-मोहरी घेऊन त्यांनी ओवाळली, फोटोवरून. साखरेची चिमूट घेतली आणि फोटोतल्या आप्पांच्या ओठांना लावली. काचेवरून साखर घसरून खाली सांडली. मग आत गेल्या, कुंकू लावलं, बांगड्या चढवल्या, आणि बाहेर येऊन आप्पांना म्हणाल्या, "फार उपकार झाले भावजी. तुम्ही त्यांना घरी आणलंत. आता जेवूनच जा."

आप्पा उंबऱ्याशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, तरी दिसलंच. ते हळूच वाकले, फरशीवरचे साखरेचे दाणे बोटाने टिपले आणि जिभेवर ठेवले. "हो, जेवतो की," म्हणाले.

फोटो आईंच्या खोलीत लागलाय, पलंगासमोर. आई खूश असतात. जेवतात, झोपतात, फोटोशी गप्पा मारतात. डॉक्टर म्हणतात, छानच सुधारणा आहे. विक्रम म्हणाला, आईला तरी सुख मिळालं. मी म्हटलं, हो, आणि तुझ्या बापाला?

बोलले ते आप्पाच. एके दिवशी मला म्हणाले, पाहुणा घरातच राहिला तर तिला अवघडतं, पाहुण्याने बाहेरून यायला हवं. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी चपला घालून जिना उतरतात, सोसायटीला एक फेरी मारतात, वर येतात आणि दार वाजवतात. आई आतून विचारतात, कोण आलंय? आप्पा विचारतात, हिंदुराव आहेत का घरी? आहेत की, या, म्हणत आई कडी काढतात. मग दोघं फोटोसमोर बसून चहा पितात. आवाजही थोडा बदललाय आप्पांनी, जरा सातारी. मी विचारलं तर म्हणाले, हिंदुरावांचा मित्र साताऱ्याचा आहे.

परवा मी भाजी घेऊन त्यांच्या मागोमाग जिना चढत होते. त्यांनी दार वाजवलं. "कोण आलंय?" आईंनी विचारलं. आप्पा गप्प. वाक्य विसरले की काय असं मला वाटलं. पुन्हा विचारलं, तरी गप्प. दारावर तळहात ठेवून उभे होते. एकदा ओठ हलले, त्यांचं स्वतःचं नाव असावं, पण आवाज फुटला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, म्हणा आप्पा, एकदा म्हणून तर बघा.

मग त्यांनी घसा खाकरला. "मी आलोय, वहिनी," साठ वर्षं संसार केलेल्या बायकोला ते सातारी आवाजात म्हणाले. "हिंदुराव आहेत का घरी?"

आत बांगड्या वाजल्या. आई फोटोला सांगत होत्या, ते दाराबाहेर स्वच्छ ऐकू आलं. "अहो, तुमचे ते मित्र आलेत. रोज येतात बिचारे. त्यांना घरी कुणी नसावं."

कडी निघाली. आप्पांनी चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले.